खालाचा पत्ता किती दिवस?

ओळखीतल्या एका घरातली मुलगी यंदा बारावीला आहे. ‘नीट’ची तयारी करते. घर ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या एका मोठ्या वस्तीत. तिला सरावाच्या पुस्तकांचा संच हवा होता. एका मोठ्या खरेदीच्या ॲपवर तो सवलतीत मिळत होता. तिने तो निवडला, पिनकोड टाकला, आणि खाली लाल अक्षरांत ओळ आली : ही वस्तू या ठिकाणी पोहोचवता येत नाही. क्षणभरही न थांबता तिने पत्ता बदलला आणि ठाणे शहरात राहणाऱ्या खालाचा पत्ता टाकला. तिसऱ्या दिवशी पुस्तकं खालाकडे पोहोचली. रविवारी अब्बा लोकलने जाऊन घेऊन आले.

“तुझ्या पत्त्यावर का येत नाही, विचारलंस का कुणाला?” असं तिला विचारलं, तर ती हसून म्हणाली, “आमच्याकडे असंच करतात.”

हे संपादकीय त्या तीन शब्दांबद्दल आहे. पुस्तकं मिळाली, त्यामुळे नुकसान झालं असं वरवर दिसत नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःचा पत्ता खोडून दुसऱ्याचा लिहिणं इतकं सहज मानलं, याची आम्हाला काळजी वाटते.

पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते, न लागणारं अक्षर, या सगळ्यातून पत्र नेमक्या दारात जावं म्हणून सहा आकड्यांची ही व्यवस्था झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. म्हणजे पिनकोडचं काम माणसापर्यंत पोहोचणं हे होतं. पन्नास वर्षांनंतर त्याच सहा आकड्यांचा वापर कुणापर्यंत पोहोचायचं नाही हे ठरवण्यासाठीही होतो आहे.

आधी न्यायाने बोलू. ‘उपलब्ध नाही’ अशी प्रत्येक ओळ द्वेषातून आलेली नसते. दहा मिनिटांत सामान देणारी ॲप्स डार्क स्टोअरमधून माल पाठवतात. त्या गोदामापासून दोनतीन किलोमीटरच्या बाहेर ती जातच नाहीत. फ्रिज किंवा कपाट पाठवायचं तर टेम्पो गल्लीत शिरायला हवा. काही विक्रेते ठरावीक राज्यांतच माल पाठवतात. आणि एक कारण आपल्याला ऐकायला आवडणार नाही : माल आल्यावर रोख पैसे देण्याच्या बोलीवर मागवायचं आणि पार्सल दारात आलं की ‘नको’ म्हणायचं. परत गेलेल्या पार्सलचा दोन्ही बाजूंचा खर्च विक्रेत्यावर किंवा कंपनीवर पडतो, आणि तो हिशेब व्यक्तीच्या नावाऐवजी भागाच्या नावावर जमा होऊ शकतो. चार घरांच्या बेफिकिरीची किंमत चारशे घरं मोजतात.

ही सगळी कारणं मान्य. पण कारण असणं वेगळं आणि कारण सांगणं वेगळं. त्या लाल ओळीत कारण नसतं. कारण न देता नकार मिळू लागला, की माणूस स्वतःच कारण शोधतो. आपल्या वस्त्यांमध्ये ते कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात बँकांबद्दलचं एक निरीक्षण आहे : काही बँकांनी मुस्लीमबहुल भागांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवलं होतं, आणि तिथे कर्ज व इतर सोयी सहजी दिल्या जात नव्हत्या. अर्जदाराची पगारपावती, परतफेडीची पत, दुकानाची उलाढाल हे सगळं नंतर, आधी पत्ता. आज बँकेच्या खिडकीची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. खिडकीमागचा माणूस निदान नजर चुकवायचा. पडद्याला नजरच नाही.

शिवाय हे पत्ते आपण सगळ्यांनी हौसेने निवडलेले नाहीत. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबं जिथे जीव सुरक्षित वाटेल तिथे गेली. मुंब्र्याची वस्ती त्या काळात झपाट्याने वाढली. आजही आपलं नाव ऐकल्यावर ‘फ्लॅट कालच गेला’ असं सांगणारे घरमालक अनेकांना भेटले आहेत. म्हणजे आधी नावामुळे पत्ता ठरला आणि आता पत्त्यामुळे माल अडला, तर मधल्या यंत्राला आपला धर्म ठाऊक असण्याची गरजच उरत नाही.

हा तर्क हवेतला नाही. अमेरिकेत २०१६ साली हेच घडलं. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने ॲमेझॉनच्या त्याच दिवशी माल पोहोचवणाऱ्या सेवेचे नकाशे तपासले. बॉस्टन शहरात रॉक्सबरी हा प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा भाग. त्याच्या आजूबाजूच्या भागांत सेवा होती, मधल्या रॉक्सबरीत नव्हती. शिकागोचा दक्षिण भाग आणि न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स इथेही तोच प्रकार. कंपनीचं म्हणणं होतं की ग्राहकाचा वंश पाहिला जात नाही. सभासदांची संख्या, गोदामाचं अंतर असे हिशेब असतात. ते खरंही असेल. पण ज्या भागांना पिढ्यान्‌पिढ्या वगळलं गेलं, तिथे सभासद कमी असणारच. आणि सभासद कमी म्हणून सेवा नाही असं म्हटलं, की जुना अन्याय नव्या गणितात आपोआप उतरतो. वृत्त आलं, नकाशे लोकांसमोर ठेवले गेले, शहराच्या लोकप्रतिनिधींनी विचारणा केली, आणि काही आठवड्यांत या भागांत सेवा देण्याचं कंपनीने जाहीर केलं. तिथे घोषणा कमी आणि नोंदी जास्त कामाला आल्या, एवढं लक्षात ठेवावं.

आता आपल्या संविधानाकडे येऊ. अनुच्छेद १५ आपल्याला साधारण ठाऊक असतो : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून राज्य भेदभाव करणार नाही. त्याच अनुच्छेदाचा दुसरा भाग मात्र आपण वाचत नाही. याच कारणांवरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असं तो सांगतो. त्याच्या पुढच्या उपकलमात विहिरी, तलाव आणि रस्ते आहेत. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो सत्याग्रह झाला, त्याची सावली या शब्दांवर आहे. हा भाग सरकारपुरता मर्यादित नाही; दुकान चालवणाऱ्या खासगी माणसालाही तो लागू होतो.

‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न संविधान सभेतच विचारला गेला होता. नोव्हेंबर १९४८ मधल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. नुसतं आत पाऊल टाकण्यापुरता तो नाही, तर अटी मान्य असतील तर सेवा मिळण्यापर्यंत तो जातो. धोबी, न्हावी असे सेवा देणारेही त्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली लष्कराच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाबाबतच्या प्रकरणात या व्यापक अर्थाचा आधार घेतला. ज्या दुकानाला शटर नाही, गल्ला नाही, पायरी नाही, तेही दुकानच आहे, हा युक्तिवाद मांडण्याची जबाबदारी आपल्या पिढीची आहे.

मात्र इथे भाबडेपणा नको. ‘केवळ धर्मामुळे’ नकार दिला हे सिद्ध करणं अवघड असतं; पिनकोडवर धर्म छापलेला नसतो. म्हणून अधिक जवळचा रस्ता ग्राहक कायद्याचा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करू नये आणि कायद्याने दिलेल्या हक्कांना बाधा येईल अशी ग्राहकांची मनमानी वर्गवारी करू नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. विक्रेता कोण, त्याचा पत्ता काय, मालाची यादी कोणत्या निकषांवर वरखाली लागते, हेही ग्राहकाला कळायला हवं. ‘माझ्या पिनकोडला ही वस्तू का नाही?’ हा प्रश्न लेखी तक्रार म्हणून विचारला, की कंपनीला त्याची पोच देऊन निकाल लावावा लागतो. दहा जणांनी विचारला तर दहा उत्तरं ताडून पाहता येतात.

म्हणून आमची सूचना सरळ आहे : आधी तपासा, मग बोला.

आपल्या गटातल्या पाचसहा जणांनी एक वस्तू ठरवावी. अगदी साधी : शालेय कंपास, मिक्सर, चष्म्याची फ्रेम, एखादं पुस्तक. एकाच दिवशी, एकाच तासात, तीनचार ॲप्सवर तीच वस्तू वेगवेगळ्या पिनकोडांवर पाहावी. विक्रेता तोच असेल याची खात्री करावी; विक्रेता बदलला की तुलना फसते. आपल्या वस्तीचा पिनकोड, तिला लागून असलेले दोनतीन पिनकोड, आणि जिथे आपली वस्ती नाही पण गरिबी आहे असा एखादा भाग, असे सगळे घ्यावेत. वस्तू मिळते का, किती दिवसांत, पोहोच शुल्क किती, रोखीने पैसे देता येतात का, हे चार रकाने वहीत भरावेत. पडद्याचे फोटो तारखेसह ठेवावेत. आठवड्यात तीनदा हेच करावं, कारण माल संपल्यामुळे एखाद्या दिवशी तो कुठेच मिळत नाही.

त्यातून काय दिसेल, ते आधीच ठरवू नये. कदाचित शेजारच्या दलित वस्तीलाही तोच नकार दिसेल, डोंगराकडच्या आदिवासी पाड्यालाही दिसेल. तसं असेल तर प्रश्न आपल्या एकट्याचा नाही, आणि तक्रारही सगळ्यांनी मिळून करायला हवी. कदाचित दोन्ही बाजूंना माल जातो आणि मधल्या आपल्या मोहल्ल्यातच जात नाही असं दिसेल. मग रॉक्सबरीचा नकाशा आपल्या हातात आहे. कदाचित असंही दिसेल की बहुतेक सगळं व्यवस्थित मिळतं, आणि जुन्या अनुभवामुळे आपण विचारणंच सोडून दिलं होतं. तेही कळायलाच हवं.

‘तिथे पोहोचता येत नाही’ हे उत्तर आलं, तर एक साधी गोष्ट समोर ठेवावी. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत आणि त्याच पिनकोडवर पोस्टमन रोज येतो. विजेचं बिल येतं, निवडणुकीला उमेदवार येतो. भिवंडीच्या आसपास तर देशातल्या मोठ्या गोदामांची रांग आहे. देशभर जाणारा माल आपल्याच रस्त्यांवरून जातो, आणि तो पोहोचवणाऱ्या दुचाकींवर आपलीच मुलं असतात. जी मुलं शहरभर दुसऱ्यांच्या दारात पार्सल ठेवतात, त्यांच्या अम्मीने मागवलेलं पार्सल खालाकडे उतरावं, हे बरं दिसत नाही.

उपलब्धतेइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे भावाची. पहिल्या पानावरची किंमत ही किंमत नसते. समजा, एक कुकर एका ॲपवर १,५९९ रुपयांना दिसतो, दुसऱ्यावर १,६४९ ला, आणि नाक्यावरच्या भांड्यांच्या दुकानात १,७०० ला. पहिल्यावर पैसे भरायच्या पानावर पोहोचलात की पोहोच शुल्क ६०, रोखीचं शुल्क २० आणि प्लॅटफॉर्म शुल्क ७ रुपये लागतं, झाले १,६८६. दुसऱ्यावर वर काहीच नाही. तो १,६४९ लाच पडला. नाक्यावरचा दुकानदार थोडी घासाघीस केली की १,६५० ला देतो, आणि उद्या रिंग सैल झाली तर त्याच्याकडेच जाता येतं. स्वस्त दिसलेला कुकर सगळ्यात महाग निघाला. म्हणून तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या आकड्यांची करावी, आणि तुलनेत नाक्यावरच्या दुकानालाही एक रकाना द्यावा. पाकीट किती ग्रॅमचं आहे, परतीची मुदत किती, दुरुस्तीचं केंद्र आपल्या शहरात आहे का, हे विचारल्याशिवाय भाव कळत नाही.

शेवटच्या पानावर वाढणाऱ्या या किमतीला, ‘फक्त दोनच शिल्लक’ या खोट्या घाईला, न मागता टोपलीत टाकलेल्या वस्तूला, एक वस्तू दाखवून दुसरी गळ्यात मारण्याला सरकारी भाषेत डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे १३ प्रकार नाव घेऊन निषिद्ध ठरवले. आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं, ती हदीस आपण मदरशात ऐकली आहे. पावसाने भिजलं, असं व्यापारी म्हणाला. मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, हा तिथला प्रश्न होता. माल ओला होणं हा गुन्हा नव्हता. कोरडं वर आणि ओलं खाली ठेवणं हा होता. मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुराणात एक सूरा आहे.

पण हात दुसऱ्याच्याच ढिगात घालून चालणार नाही. इन्स्टाग्रामवर अबाया, अत्तर, खजूर, मध विकणारी आपली कितीतरी मुलंमुली आहेत. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. घरात बसून कमावणाऱ्या मुलींचा तर अधिक. तरी विचारायला हवं : किंमत उघड न लिहिता ‘इनबॉक्स करा’ असं का? परतीचा नियम का नाही? पत्ता का नाही? ‘अस्सल अजवा’ म्हणताना पाकिटावर मालाचं मूळ ठिकाण लिहिलं आहे का? दीनी शब्द वापरून माल विकायचा आणि तक्रार आली की नंबर ब्लॉक करायचा, हेही ओलं धान्य खाली ठेवणंच आहे.

आणखी एक मोह टाळायला हवा. दुकानदाराचा धर्म पाहून खरेदी करा अशी आवाहनं आता उघडपणे होतात. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तरेत कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आपल्यावर अशी आवाहनं झाली की आपल्यातलेही काही जण उलट याद्या फिरवतात : याच्याकडून घेऊ नका, आपल्याच माणसाकडून घ्या. राग समजतो. पण जो नियम आपल्याला जखमी करतो, तोच आपण उचलला तर तो नियम जिंकतो. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण आणणारा मुलगा आपल्या धर्माचा नाही म्हणून ऑर्डर रद्द केली, तेव्हा झोमॅटोने त्याचं ऐकलं नाही, आणि देशभरातल्या सर्व धर्मांच्या लोकांनी त्या निर्णयाला पाठिंबा दिला. त्या पाठिंब्याच्या जोरावर आपण ‘दुकान सगळ्यांचं’ असं म्हणू शकतो. ते म्हणण्याचा हक्क याद्या फिरवून गमावू नये.

आता हाताशी काय आहे ते पाहू. पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. तिसरी, जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे : कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते. म्हणजे जिथे पुस्तकांचा संच येत नाही असं सांगितलं जातं, त्याच पत्त्यावरून न्याय मागता येतो.

मुलींसाठी हे विशेष महत्त्वाचं आहे. बाजारात एकटीने जाण्यावर अजूनही ज्यांच्या घरात प्रश्न विचारले जातात, त्यांच्यासाठी दारात येणारं पार्सल ही छोटीशी मोकळीक असते. हवं ते पुस्तक, हवी ती औषधं, सॅनिटरी पॅड, कुणाला कारण न सांगता. पार्सल खालाकडे किंवा मामूंकडे उतरलं की ते चार हातांतून येतं, आणि ती मोकळीक वाटेतच संपते. लाल अक्षरांतल्या एका ओळीने हेही हिरावलं जातं, हे लक्षात घ्यावं.

त्या बारावीतल्या मुलीला आम्ही एवढंच सांगितलं : पुढची ऑर्डर पुन्हा आपल्याच पत्त्यावर टाक. नकार आला तर त्याचा फोटो काढ, तारीख लिही, आणि दोन ओळींत कारण विचार. पुस्तकं लवकर हवी असतील तर तोवर खालाकडे मागवायला हरकत नाही. अभ्यास थांबता कामा नये. पण प्रश्न विचारायचा राहता कामा नये. खालाकडे ईदला जावं, शीरखुर्मा प्यावा. स्वतःचं पार्सल आणायला कशासाठी जायचं?